एक्केचाळीस नंबरनं ओ दिला

ही गोष्ट खरी आहे.

ज्याला खोटी वाटते त्यानं इथंच थांबावं. "छान कल्पना आहे, लिहीत राहा" असल्या कमेंट मला नकोत. ही कल्पना नाही. माझ्या मावसभावासोबत घडलेलं आहे. तो अजूनही त्या रस्त्यानं जात नाही. मैलभर वळसा पडला तरी चालेल, पण त्या रस्त्यानं नाही.

आणि हो, यात अमावस्या नाही. पिंपळ नाही. पांढरी साडी नाही. रात्रसुद्धा नाही.

भर दुपार होती.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. दसरा तोंडावर आलेला. ऊन असं, की जमिनीकडं बघवत नव्हतं.

जागा म्हणजे आपल्या बीड जिल्ह्यातला एक साखर कारखाना. नाव लिहिणार नाही, माणसांची नावंही बदललीत. भितो म्हणून नाही. माझ्या भावाला इथंच राहायचंय म्हणून.

त्याला आपण हनुमान म्हणू. नेकनूरचा. बीडला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कुठल्या कॉलेजात नाही, मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेला. त्याची आई छबुबाई, म्हणजे माझी मावशी, लग्न झाल्यापासून दर साली ऊसतोडीला जाते. कर्नाटकात. हनुमान फडाच्या कडेच्या कोपीतच वाढला. पाचटाचं छप्पर आणि खाली ओली जमीन.

त्या साली मावशीची कंबर गेली होती. खाली बसली की उठायला हात द्यावा लागायचा. तरी दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी येणार होती आणि ती त्यात चढणार होती. पोट हातावरचं, न चढून सांगते कुणाला.

हनुमाननं मनात एकच गाठ मारली होती. औंदा मायला गाडीत चढू द्यायचं नाही.

म्हणून अमरसिंहाचा फोन आला तेव्हा तो निम्म्या भाकरीवरून उठला.

अमरसिंह कारखान्यातला साहेब. चेअरमनच्या नात्यातला. काम काय करतो ते कुणालाच सांगता येत नाही, पण हुकूम सगळ्यांवर.

"काट्यावर नवा कॉम्प्युटर बसवलाय. उद्या काटापूजन हाय, त्याच्या आत चालू करून दे. झालं की परमनंटची ऑर्डर तुझ्या हातात. मायला सांग, कोयता आढ्याला टांगून टाक म्हणावं!"

काटा म्हणजे वजनकाटा. जमिनीत बसवलेली भलीमोठी लोखंडी प्लेट. उसाची ट्रॉली तिच्यावर चढते. शेजारच्या केबिनमधल्या डब्यावर लाल आकड्यात वजन उमटतं आणि कॉम्प्युटरमधून ऑफिसात जातं. शेतकऱ्याच्या आणि तोडणाऱ्याच्या पदरात जे काय पडतं, ते त्या लाल आकड्यावर.

त्या आकड्यात काय शिजतं ते आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे. काटामारी म्हणतात. सगळे म्हणतात, सगळे गिळतात.

त्या काट्यावर आधी सटवा नावाचा माणूस बसायचा.

मागच्या हंगामात तो तिथंच गेला. मागं येणाऱ्या ट्रॉलीखाली सापडला म्हणे. म्हणे! पेपरात चार ओळी आल्या. त्यातसुद्धा नाव चुकीचं छापलं. आणि तो वापरायचा तो कॉम्प्युटर त्याच आठवड्यात उचलून नेला, जाळला.

कॉम्प्युटर कुणी जाळतं का हो?

असो.

हनुमान पोचला तेव्हा कारखाना मेल्यासारखा पडलेला. हंगाम सुरू व्हायचा होता. बॉयलर गार. मळीचा जुना आंबट वास. शेडवर होले पक्षी घुमत होते, तेवढाच काय तो आवाज.

गेटवर आप्पाराव, म्हातारा वॉचमन. त्यानं केबिनचं कुलूप काढलं आणि चार पावलं मागं सरला.

"सायब जेवाया गेलेत. तू लाग कामाला. मी हितं लिंबाखाली हाय."

"आत या की मामा. पंखा हाय."

"न्हाई."

"कावून?"

"न्हाई म्हन्लं ना लेका. काम कर अन् नीघ."

हनुमान हसला. म्हातारी माणसं अशीच, म्हणून आत गेला.

केबिन लहान. एक खुर्ची. खिडकीतून समोर काट्याची प्लेट, उन्हात तापलेली, मोकळी. टेबलावर नवा कॉम्प्युटर, वजनाचा डबा आणि एक माइक. गाडीचं वजन बाहेरच्या भोंग्यावरून मोठ्यांदा सांगायला तो माइक. दुसऱ्या कारखान्यांत तसं कुणी सांगत नाही, सटवा सांगायचा. आख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं.

अमरसिंहानं टेबलावर एक पेनड्राईव्ह ठेवून दिला होता. फोनवर बजावलेलं, "आधी नंबर बांध. मग यातली फाईल टाक. आत काय हाय ते बघत बसू नको."

हनुमाननं बघितलं. कोणीही बघितलं असतं.

ती फाईल दर गाडीमागं आकडा जरासा खाली आणणार होती. लई नाही. खिसा कापल्याचं कळणार नाही, एवढाच.

त्याच्या मनात आलं. कर्नाटकात कुठल्यातरी काट्यावर असाच एखादा हनुमान बसला असेल. त्यानंच मायच्या कष्टातलं दर खेपेला थोडं थोडं खाल्लं असेल. त्याच्या आईचीही कंबर गेली असेल काय?

मग त्यानं मान झटकली. आधी नंबर तर बांधू.

आता नंबर काय ते सांगतो. गल्लीत जसा घराला नंबर असतो, तसा तारेनं जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर असतो. राउटर तो वाटत बसतो, आज हा, उद्या तो. काट्याला तसं चालत नाही. ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर फक्त एकाच नंबरकडून आलेलं वजन घ्यायचा. शेवटी एक्केचाळीस असलेला नंबर. सटवाच्या कॉम्प्युटरचा. तोच आता नव्याला कायमचा बांधायचा. याला स्टॅटिक म्हणतात.

मशीनमधे विंडोजऐवजी लिनक्स होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. फाईल उघडायची. जिथं राउटरकडून नंबर घे असं लिहिलंय ते खोडून स्टॅटिक लिहायचं. त्याखाली नंबर, नेटमास्क, गेटवे. सेव्ह करायचं आणि नेटवर्क बंद करून चालू करायचं. चहा निवायच्या आत होणारं काम.

पण हनुमानची एक पद्धत आहे. नंबर बांधण्याआधी त्या नंबरला हाक मारून बघायची. पिंग म्हणतात. कुणी ओ दिला नाही तर नंबर मोकळा. ओ आला तर समजायचं, घरात कुणीतरी राहतंय.

सटवाचा कॉम्प्युटर जळून वर्ष होत आलेलं. ओ कोण देणार?

त्यानं एक्केचाळीसला हाक मारली.

आणि…

ओ आला.

लगेच. हाकेची वाटच बघत असल्यासारखा.

एकापाठोपाठ एक ओळी उमटायला लागल्या. एक्केचाळीस आहे. एक्केचाळीस आहे. एक्केचाळीस आहे.

हनुमानला वाटलं, ऑफिसात कुणीतरी चुकून हाच नंबर घेतला असेल. त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"मामा, हापिसात कोण बसलंय?"

"कोन बसतंय? कुलूप हाय. किल्ली माझ्यापाशी."

भिंतीवर स्विचचा डबा होता, सगळ्या तारा एकत्र येतात तो. हनुमाननं ऑफिसची तार उपटली. कॅमेऱ्याची उपटली. राउटरची उपटली. एक आपल्या कॉम्प्युटरची तेवढी ठेवली. आता त्या डब्याला दुसरं काहीच जोडलेलं नव्हतं.

त्यानं पडद्याकडं बघितलं.

एक्केचाळीस आहे.

एक्केचाळीस आहे.

त्याची नजर पुन्हा डब्यावर गेली. प्रत्येक भोकाशेजारी एक बारीक हिरवा दिवा असतो, तार असेल तरच लागतो. त्याच्या तारेचा दिवा लुकलुकत होता.

आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या भोकाचाही…

हनुमाननं त्या भोकाला बोट लावून बघितलं. काही नव्हतं. गार होतं. एवढ्या उन्हात… गार.

तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं. होले घुमायचे बंद झाले होते.

धप्प.

बाहेर काट्याची प्लेट वाजली. कुणी पाय ठेवला की वाजते तशी.

प्लेटवर कुणी नव्हतं. ऊन होतं नुसतं.

पण वजनाच्या डब्यावर शून्य नव्हतं.

साठ.

साठ किलो.

"मामा!" हनुमान ओरडला. "प्लेटीखाली काय अडकलंय का बघा बरं! मोकळा काटा साठ दाखवायलाय!"

आप्पाराव उठला. दोन पावलं आला. मग थांबला.

"किती म्हन्लास?"

"साठ."

म्हाताऱ्याच्या हातातली काठी खाली पडली. ती उचलायलाही तो वाकला नाही.

"काय झालं मामा?"

"सटवा रोज सकाळी आदी सोता काट्यावर हुबा ऱ्हायाचा," आप्पाराव खालच्या आवाजात म्हणाला. "त्याचं वजन साठ. साठ भरलं की म्हनायचा, काटा खरा हाय, आता सोडा पयली गाडी. मग माइकवर नखानं दोन टिचक्या मारायचा, अन् मंग वजन वरडायचा. रोजचं हे. चुकलं न्हाई कदी." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तू नीघ लेका. काय बी सांग सायबाला, पन नीघ."

हनुमानच्या डोळ्यांसमोर मात्र माय होती. भिंतीला धरून उठणारी.

आणि त्यानं जी चूक केली, ती काट्यावर काम करणारा कुणीही माणूस सवयीनं करतो. मोकळा काटा वजन दाखवायला लागला की शून्याचं बटण दाबायचं. जे काही वर आहे ते धरून शून्य होतो. माती असो, चिखल असो.

त्यानं बटण दाबलं.

साठ गेलं. शून्य आलं.

हनुमाननं श्वास सोडला.

धप्प.

डब्यावरचा आकडा हलला.

वजा साठ.

हनुमानला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. शून्य केलं तेव्हा जे प्लेटवर उभं होतं…

ते खाली उतरलं होतं.

खाली उतरून कुठं गेलं?

केबिनचं दार उघडंच होतं. दाराबाहेर ऊन. आप्पाराव दूर लिंबाखाली, हात जोडून.

आत कुणी आलं नाही. निदान दिसलं तरी नाही.

पण टेबलावरच्या माइकमधून बाहेरच्या भोंग्यावर…

टक्… टक्.

नखानं मारल्यासारखं.

हनुमानचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते.

पुढं काय झालं असतं देव जाणे. पण तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. अमरसिंह उतरला. पोट भरलेलं, तोंडात बडीशेप.

"झालं का बे?"

"साहेब, नंबर मोकळा न्हाई. त्याच्यावर कुणीतरी हाय."

"कोण हाय?"

हनुमाननं लिंबाकडं बघितलं. आप्पारावनं मान खाली घातली.

"असं व्हय!" अमरसिंह खो खो हसला. "म्हाताऱ्यानं भरवलं वाटतं तुला! अरे ओ शिकलेल्या, लिनक्स का फिनक्स करतो, अन् मेलेल्या माणसाला भितो? तो जित्तेपणी माझं काय करू शकला न्हाई बे!"

हे तो सहज बोलून गेला. बडीशेप चावत.

"काटाबी नीट न्हाई, साहेब," हनुमान म्हणाला.

"काटा खराब झाला म्हणतो ना? थांब. माझं वजन नव्वद. गेल्याच आठवड्यात दवाखान्यात केलंय. मी चढतो, तू आत बसून आकडा सांग. नव्वद आलं की गप फाईल टाकायची."

आणि तो गेला. एकटा. त्या पांढऱ्या उन्हात प्लेटच्या मधोमध जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

हनुमाननं डब्याकडं बघितलं. वजा साठवर नव्वद चढलं, म्हणजे आकडा यायला पाहिजे तीस.

तीस आला.

बरोबर होतं. हनुमानला जरा बरं वाटलं. काटाच बिघडलाय, दुसरं काही नाही…

धप्प.

तिसाचा आकडा हलला. चाळीस. साठ. ऐंशी.

थांबला.

नव्वद.

अमरसिंहाच्या शेजारी कुणीतरी चढलं होतं.

खिडकीतून हनुमानला तो एकटाच दिसत होता. हसत होता. डाव्या खांद्यावर माशी बसावी तसा त्यानं खांदा झटकला. पुन्हा झटकला.

"आला का बे नव्वद?"

हनुमाननं डब्यावरचा आकडा पुन्हा वाचला.

"मुका झालास का? आला का नव्वद?"

"…आला."

"बघ! काटा एकदम खरा हाय!"

तो प्लेटवरून उतरला. आकडा परत वजा साठ झाला. म्हणजे प्लेटवर कुणीच राहिलं नव्हतं.

दोघंही उतरले होते.

अमरसिंह थेट जीपमधे बसला. "तासाभरात ऑर्डर घेऊन येतो. फाईल टाकून ठेव." जीप धुरळ्यात गेली.

मग सगळं शांत. होले पुन्हा घुमायला लागले.

हनुमान पडद्यासमोर बसला. एक्केचाळीसला हाक मारली.

ओ नाही.

पुन्हा मारली. ओ नाही. रिकाम्या भोकाचा दिवा विझला होता.

नंबर मोकळा झाला होता.

त्यानं फाईल उघडली, स्टॅटिक लिहिलं, एक्केचाळीस लिहिला, सेव्ह केलं. नेटवर्क बंद करून चालू केलं. नंबर बसला. गुमान बसला. तारा परत लावल्या, ऑफिसचा कॉम्प्युटर लगेच बोलायला लागला.

राहिला तो पेनड्राईव्ह.

आता अडवायला कुणी नव्हतं. बघायला कुणी नव्हतं. एक बटण दाबलं की ऑर्डर. एक बटण, आणि माय या साली घरी.

तुम्ही मोठ्या गप्पा मारू नका, की आम्ही नसतं दाबलं म्हणून. ज्याची आई चुलीपुढून उठताना ओरडते त्यानंच बोलावं.

हनुमान मला म्हणाला, "दाद्या, मी पेनड्राईव्ह लावलता. खरं सांगतो. लावलता मी."

मग त्याला कोपी आठवली. रात्री खेप टाकून आलेली माय आठवली. बोटांवर हिशोब करून म्हणणारी, "एवढी जड मोळी हुती, वजन कसं भरलं न्हाई रं लेकरा?"

त्यानं पेनड्राईव्ह उपटला. टेबलावर ठेवला. शून्याचं बटण दाबून काटा खरा करून दिला. आणि बाहेर येऊन अमरसिंहाला फोन लावला.

"साहेब, नंबर बांधलाय. फाईल न्हाई टाकली. टाकणार न्हाई. ऑर्डर नको मला."

तिकडून शिव्यांचा पट्टा सुटला. जीपचा आवाज, शिव्या, हॉर्न. आणि त्या सगळ्याच्या मागं, एकदम जवळून…

टक्… टक्.

"साहेब," हनुमान म्हणाला, "गाडीत कोण हाय तुमच्याबरोबर?"

"कोण नाय! एकटाच हाय! कावून?"

हनुमाननं फोन कापला.

अमरसिंह मेलाबिला नाही. तसलं ऐकायची तुम्हाला हौस असेल, तर माफ करा. पण त्यानं ती जीप महिनाभरात विकली. दुसरी घेतली, तीही विकली. काट्याकडं फिरकतच नाही. आप्पाराव सांगतो, कुणी नावानं हाक मारली तर ओ देत नाही आता. आधी डाव्या खांद्याकडं बघतो.

आणि मावशी दसऱ्यानंतर गाडीत चढली. हनुमाननंच हात देऊन चढवली. तिला सगळं सांगितलं होतं त्यानं. ती फक्त एवढंच म्हणाली, "बरं केलंस. पन त्याला हाक कशापाई मारलीस रं?"

लहानपणापासून ती हेच सांगत आली. फडात, पाणंदीत कुणी हाक मारली तर ओळख पटल्याशिवाय ओ देऊ नको. ओ दिला की त्याला तुझं ठिकाण कळतं.

मागच्या महिन्यातली गोष्ट. हनुमान बीडला एका दुकानात असाच लिनक्सच्या मशीनला नंबर बांधत होता. दिवसाउजेडी. दुकानात गिऱ्हाईक, रस्त्यावर गर्दी. नव्या नंबरला हाक मारली, ओ आला नाही. मोकळा होता. नंबर बांधला. मग तारेवरून काय येतंय-जातंय ते बघायला त्यानं पडदा उघडला.

कुणीतरी त्याच्या मशीनला हाक मारत होतं.

एकसारखं. दोन हाका… थांबून पुन्हा दोन हाका.

हाक मारणाऱ्याचा नंबर होता एक्केचाळीस. त्या दुकानात सगळी मिळून तीन मशीन होती आणि एक्केचाळीस त्यात नव्हताच.

हनुमाननं तार ओढून काढली. त्याच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. मायनं शिकवलेलं, ते हाडात आहे त्याच्या.

पण मशीनला मायनं कुठं शिकवलेलं असतं? मशीन पहिल्याच हाकेला बोलतं.

पडद्यावर शेवटची ओळ तशीच राहिली होती.

ओ देऊन झाला होता.